भुशाची पिशवी बदलण्याचे काम कोणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पुरवणीत लाकूडकामाच्या लहान वर्कशॉपांतील यंत्रांविषयी अलीकडे जो लेख आला, त्यात धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची, म्हणजे कारागीर ज्याला ‘डस्ट कलेक्टर’ म्हणतात त्याची, आवर्जून शिफारस केली होती. ती योग्यच आहे. पाच-सात माणसांच्या वर्कशॉपमध्येही आता पॅनल सॉ (मोठ्या फळ्या कापण्याची यंत्र-करवत) आणि थिकनेसर (लाकूड एकसारख्या जाडीचे करणारे यंत्र) यांच्या शेजारी हे यंत्र दिसू लागले आहे. मात्र ते घेतले की धुळीचा प्रश्न मिटला, असा जो समज त्या लेखामुळे होतो, त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. यंत्राने ओढलेली धूळ नाहीशी होत नाही; ती खालच्या पिशवीत साठते आणि पिशवी भरली की कोणीतरी ती सोडवून, तोंड बांधून बाहेर न्यावी लागते व तिच्या जागी दुसरी चढवावी लागते. आठवडाभर जी धूळ माणसांच्या नाकापासून दूर ठेवली, ती या दहा-पंधरा मिनिटांत एकाच माणसाच्या तोंडासमोर येते. आणि तो माणूस बहुतेक ठिकाणी वर्कशॉपमधला सर्वांत नवखा हेल्पर असतो, ज्याला ‘जा रे, ती पिशवी रिकामी करून ये’ यापलीकडे काहीही सांगितलेले नसते.

लाकडाची धूळ साधी असते, ती खोकून निघून जाते, असे जुनेजाणते मिस्त्रीसुद्धा म्हणतात. वस्तुस्थिती तशी नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचर उद्योगाच्या गावी कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मी हॅडफिल्ड यांना नाकाच्या आतील पोकळ्यांचा एरवी अतिशय विरळा असणारा कर्करोग फर्निचर कामगारांत पुन्हा पुन्हा आढळू लागला, आणि त्यातून या विषयाच्या अभ्यासाला चालना मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू चिकटवून, दाबून केलेल्या फळ्या) आणि प्लायच्या चिकटद्रव्यात असणारे फॉर्मल्डिहाइडही २००४ पासून त्याच गटात आहे. युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीसाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा एक घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम इतकी ठरवली आहे. कर्करोगाला कित्येक दशके लागतात, म्हणून त्याची भीती कोणाला वाटत नाही. पण दमा, सततची सर्दी, डोळ्यांची चुरचुर आणि सागवान किंवा शिसवीच्या भुकटीने हातावर उठणारी खाज यांसाठी तेवढी वाट पाहावी लागत नाही.

पिशवी कधी बदलावी याचे उत्तर बहुतेक वर्कशॉपांत ‘गच्च भरली की’ असे आहे, आणि तिथूनच गडबड सुरू होते. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या यंत्रात मधोमध एक पत्र्याचे कडे असते, त्याच्या वर कापडी गाळणी पिशवी फुगलेली असते आणि खाली भुसा साठवणारी प्लास्टिकची पिशवी पट्ट्याने आवळलेली असते. पंख्याने ढकललेली हवा कड्यात शिरून गोल फिरते, जड ढलप्या खाली पडतात आणि हवा वरच्या कापडातून गाळून बाहेर जाते. खालची पिशवी दोन तृतीयांशांच्या वर भरली की खाली पडलेला भुसा त्या फिरत्या हवेत पुन्हा उचलला जातो, वर जाऊन कापडाची छिद्रे बुजवतो, हवेचा प्रवाह मंदावतो आणि करवतीजवळची ओढ कमी होते. मग मालक म्हणतो की यंत्राची मोटार कमी ताकदीची निघाली. अनेकदा मोटार व्यवस्थित असते आणि पिशवी बदलायला उशीर झालेला असतो. त्यातून एमडीएफ घासण्याचे काम असेल, तर त्याची पिठासारखी भुकटी रंध्याच्या ढलप्यांपेक्षा कितीतरी जड असते; काठोकाठ भरलेली पिशवी एका माणसाला उचलवत नाही, ती फरफटत न्यावी लागते आणि दारापर्यंत पोहोचण्याआधीच तिचा तळ फाटतो. म्हणून दोन तृतीयांशांची खूण पिशवीवर मार्करने करून ठेवावी, आणि त्यासाठी पिशवी पारदर्शकच घ्यावी. कचऱ्याची काळी पिशवी स्वस्त मिळते, पण आत किती भरले ते दिसत नाही आणि ती पातळही असते.

आता प्रत्यक्ष बदलण्याविषयी. यंत्र बंद करून बटणावर भिस्त न ठेवता प्लग काढावा आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. त्यानंतर वरच्या कापडी पिशवीला बाहेरून हलक्या हाताने थोपटावे, म्हणजे तिच्या आतल्या अंगाला बसलेला थर खालच्या पिशवीत उतरतो. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ जण खालची पिशवी आधी काढतात आणि मग वरची झटकतात, तेव्हा सगळी बारीक भुकटी उघड्या कड्यातून थेट अंगावर येते. थोपटणेही बेतानेच असावे. कापडावरचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करतो, तो दर वेळी खरवडून काढला की नवीन थर बसेपर्यंत बारीक धूळ कापडातून बाहेर येत राहते. थोपटून झाल्यावर किमान पाव तास काहीही करू नये. सुमारे दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत हवेत सेकंदाला साधारण तीन मिलिमीटर एवढाच खाली येतो, म्हणजे डोक्याच्या उंचीवरून जमिनीपर्यंत यायला त्याला दहा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनचा कण त्याच्याही जवळजवळ शंभरपट सावकाश उतरतो. डोळ्यांना दिसणारी धूळ बसली म्हणजे हवा स्वच्छ झाली असे होत नाही, आणि पट्टा आवळल्या आवळल्या मास्क काढून चहाला बसणारा कारागीर नेमका हाच बारीक भाग श्वासात घेतो.

मास्कच्या बाबतीत तडजोड नको. तोंडाला गुंडाळलेला रुमाल किंवा उपरणे ढलप्या अडवते, बारीक भुकटी नाही. भारतीय मानक ९४७३ नुसार एफएफपी२ दर्जाचा मास्क, जो कोरोनाच्या काळापासून औषधाच्या दुकानातही मिळतो, तो नाकावरची पट्टी नीट दाबून घालावा. दाढीमुळे त्याच्या कडेला फट राहते, हे दाढी राखणाऱ्या तरुण कारागिरांना आवडत नसले तरी खरे आहे. सोबत बंद चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा. दारे-खिडक्या उघडाव्यात, पण छताचा पंखा मात्र बंद करावा.

पट्टा सैल करताना पिशवीची मान एका हाताने कड्याखालीच घट्ट धरावी, ती कड्यावरून थोडी थोडी उतरवत पिळावी आणि पूर्ण सुटण्याआधीच सुतळीने किंवा केबल टायने बांधून टाकावी. पिशवी आधी जमिनीवर ठेवून मग तोंड बांधले, तर आतली हवा दाबली जाऊन धुळीचा लोट चेहऱ्यावर येतो. दोन माणसे असतील तर हे काम निम्म्या वेळात होते; एकट्याने करायचे असेल तर पिशवीखाली एखादे लाकडी खोके सरकवून तिचे वजन त्यावर तोलावे, म्हणजे दोन्ही हात मानेसाठी मोकळे राहतात.

नवी पिशवी चढवणे हा सगळ्यात वैतागवाणा भाग, आणि कारागीर जिथे हमखास चिडतो ती जागा. मऊ प्लास्टिक गोल कड्यावर टिकत नाही, एक बाजू बसवावी तर दुसरी घसरते, आणि शेवटी माणूस ‘चालतंय की’ म्हणत चुण्यांसकट पट्टा आवळतो. या चुण्यांमधूनच धूळ गळते, कारण अशा यंत्रात खालच्या पिशवीतही हवेचा दाब आतून बाहेर असतो. यावरचा उपाय पिशवी विकत घेतानाच करायचा असतो. कड्याचा व्यास ५०० मिमी असेल तर त्याचा घेर सुमारे १५७० मिमी भरतो. म्हणजे सपाट पसरलेल्या पिशवीची रुंदी ७८५ मिमीहून थोडीशीच जास्त हवी. त्याहून फार मोठी घेतली की चुण्या आल्याच. प्लास्टिकच्या घाऊक बाजारात मापाप्रमाणे जाड पिशव्या करून मिळतात, आणि शंभर मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिक सहसा फाटत नाही. चढवताना पिशवीचे तोंड चार बोटे बाहेर दुमडावे, ते कड्याला चार ठिकाणी मास्किंग टेपने चिकटवावे, उरलेली सैल बाजू एकाच सपाट घडीत घेऊन ती घडी पट्ट्याच्या कुलपापासून दूर ठेवावी आणि मग पट्टा आधी सैल लावून, सगळीकडून सारखा बसला आहे ना हे पाहून आवळावा. कड्यावरची फोमची किंवा रबराची पट्टी दबून चपटी झाली असेल तर तीही बदलावी. तिची किंमत नगण्य असते. नंतर यंत्र सुरू करून पातळ कागदाची पट्टी कड्याभोवती फिरवली, की ती जिथे फडफडेल तिथे गळती आहे हे कळते. खाली सांडलेला भुसा झाडूने लोटू नये आणि एअर गनने तर मुळीच उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावा किंवा व्हॅक्युमने उचलावा.

प्लास्टिकच्या पिशवीऐवजी खताची किंवा तांदळाची रिकामी गोणी बांधण्याची पद्धत गावोगाव आहे. काटकसर म्हणून ती समजण्यासारखी आहे, पण माझ्या मते ही काटकसर फसवी आहे. विणलेल्या गोणीच्या प्रत्येक उभ्या-आडव्या पट्टीमधून बारीक भुकटी सतत बाहेर येते, म्हणजे यंत्र एका बाजूने धूळ ओढते आणि दुसऱ्या बाजूने तीच बारीक करून खोलीभर पसरवते. हीच गोष्ट जाड विणीच्या वरच्या पिशवीची. तीस मायक्रॉनची, म्हणजे त्याहून बारीक कण सोडून देणारी, पिशवी लावलेले यंत्र खोली स्वच्छ दिसण्यापुरते ठीक असते. फुफ्फुसात खोल जाणारा भाग दहा मायक्रॉनच्या खालचा असतो आणि तो तिच्यातून सहज पार होतो. एक किंवा निदान पाच मायक्रॉनच्या फेल्ट (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या) पिशव्या मिळतात, त्याच घ्याव्यात. आमच्याकडच्या पावसाळ्यात मात्र फेल्टवरची भुकटी ओलसर होऊन चिकटून बसते, तेव्हा ती पिशवी अधूनमधून उतरवून बाहेर नीट वाळवावी लागते.

साइटवर वापरायच्या लहान व्हॅक्युमसारख्या यंत्रांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांत आत बसणारी कापडासारखी बंद पिशवी असते, तिच्या तोंडाला सरकते झाकण असते आणि ते लावूनच पिशवी बाहेर काढायची असते. ही पिशवी महाग पडते म्हणून तिचा तळ कापून, रिकामी करून, पुन्हा क्लिप लावून वापरणारे पुष्कळ आहेत. असे केल्याने पिशवीचा मूळ उपयोगच संपतो, कारण भुकटी मोकळी होण्याचा प्रसंग टाळण्यासाठीच तर ती बंद केलेली असते. सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा आधीच खालच्या पिंपात पाडणारे शंकूसारखे भांडे) लावलेल्या मोठ्या यंत्रांत खालच्या पिंपात उलट ओढ असते, त्यामुळे आतली पिशवी वर खेचली जाऊन गोळा होते. तिथे पिंप आणि पिशवी यांच्यामधल्या जागेतली हवा लहान नळीने सायक्लोनच्या ओढीशी जोडावी लागते किंवा पिशवीच्या आत तारेची जाळी उभी करावी लागते.

आगीविषयी मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. जुन्या वाड्यांचे सागवान आपल्याकडे मोठ्या आवडीने पुन्हा वापरले जाते, आणि त्यात खिळा राहिलेला नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. करवतीच्या पात्याला खिळा लागला की ठिणगी उडते, ती होस पाइपमधून थेट पिशवीत जाते आणि भुशाच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहते. ज्वाला दिसते ती मध्यरात्री, वर्कशॉप बंद असताना. म्हणून भरलेली पिशवी, आणि शंका असेल तर अर्धवट भरलेलीसुद्धा, संध्याकाळी वर्कशॉपच्या आत ठेवू नये. उघड्यावर, भिंतीपासून दूर, पावसाळ्यात पत्र्याच्या झाकणाखाली ठेवावी. लोखंड घासायचा ग्राइंडर या यंत्राला कधीही जोडू नये. जवसाच्या तेलाची चिंधी भुशाच्या पिशवीत टाकणे हे तर आगीला दिलेले आमंत्रणच आहे, कारण ते तेल वाळताना आपोआप तापते. बारीक कोरडी भुकटी हवेत दाट उडाली आणि तिला ठिणगी मिळाली तर स्फोटही होतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ अशाच धुळीविषयी होते. उन्हाळ्यात होस पाइपला हात लावल्यावर झटका बसत असेल, तर पाइपमधील तारेला अर्थिंग दिलेले नाही असे समजावे.

बांधलेली पिशवी पुढे कुठे जाते, हे वर्कशॉपच्या बाहेरच्या वाचकांनीही पाहण्यासारखे आहे. निव्वळ लाकडाचा भुसा पोल्ट्रीवाले शेडमध्ये अंथरायला नेतात, बर्फाच्या लाद्या झाकायला तो वापरला जातो, बॉयलरसाठी त्याच्या विटा पाडल्या जातात. पण आजच्या फर्निचरमध्ये अस्सल लाकूड कमी आणि एमडीएफ, प्लाय, सनमायका जास्त असतो, आणि सगळ्याची भुकटी एकाच पिशवीत जमते. अशी मिश्र भुकटी कोंबड्यांखाली, गोठ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात जाता कामा नये. तिच्यात चिकटद्रव्य आणि पॉलिशही असते. ती शेकोटीत किंवा चुलीत जाळणे त्याहून वाईट. घासकामाला जोडलेल्या यंत्राची पिशवी वेगळी ठेवून तिच्यावर ‘एमडीएफ’ असे लिहिणे एवढ्यानेही पुष्कळ साधते. शहरांतील गृहनिर्माण संस्थांमध्ये फ्लॅटचे इंटिरियर चालू असते तेव्हा हीच भुकटी जिन्याच्या कोपऱ्यात झटकली जाते किंवा सैल तोंडाच्या पिशवीतून कचऱ्यात जाते, ती घंटागाडीत फुटते आणि सफाई कामगाराच्या नाकातोंडात जाते. कामाला परवानगी देताना संस्था अनामत रक्कम घेते, कामाच्या वेळा ठरवते; त्याच पत्रात कटिंग-घासकाम धूळ ओढणाऱ्या यंत्राशिवाय होणार नाही आणि पिशवी दुहेरी बांधूनच खाली नेली जाईल, या दोन ओळी घालायला काहीच अडचण नाही.

कायद्याचा विचार केला तर धूळ जिथे निर्माण होते तिच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी, हे तत्त्व कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये १९४८ पासून, २०२५ मध्ये तो रद्द होईपर्यंत, लिहिलेले होते. परंतु कामगारांच्या संख्येमुळे ‘कारखाना’ या व्याख्येत न बसणारी हजारो वर्कशॉपे अशा तरतुदींच्या बाहेरच राहत आली आहेत, आणि नेमकी तिथेच गोणी बांधलेली यंत्रे चालतात. तपासनीस येईल या भीतीने तिथे काही सुधारेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. सुधारणा व्हायची तर ती प्रशिक्षणातून आणि यंत्राच्या विक्रीतून होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाच्या विद्यार्थ्याला रंध्याचे पाते लावणे, करवतीला धार लावणे, यंत्राच्या पात्यावर गार्ड बसवणे हे सारे हाताने करून दाखवावे लागते. पिशवी बदलणे मात्र ‘यंत्राची स्वच्छता’ या एका ओळीत उरकले जाते. तेही प्रात्यक्षिकात यावे, त्याला गुण असावेत, आणि मास्क नीट बसला आहे की नाही हे निदेशकाने पाहावे.

विक्रेत्यांकडून अपेक्षा याहून साधी आहे. डस्ट कलेक्टरच्या जाहिरातीत मोटारीचे अश्वबळ मोठ्या अक्षरांत असते, कापड किती मायक्रॉनचे आहे हे कुठेच नसते, आणि कड्याचा व्यास विचारला तर दुकानदार टेप शोधू लागतो. यंत्राबरोबर सुट्या पिशव्यांचा एक संच, कड्याचे माप आणि वरच्या कापडाची मायक्रॉनमधील क्षमता लेखी मिळावी. यंत्र बसवायला येणारा माणूस ते सुरू करून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. त्याने एक पिशवी काढून दुसरी चढवूनही दाखवावी, आणि ती वर्कशॉपमधल्या त्याच हेल्परसमोर दाखवावी ज्याच्याकडे पुढे हे काम जाणार आहे. घेणाऱ्यांनी उरलेली रक्कम त्यानंतरच द्यावी, असे मी सुचवतो.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (सुतारकाम),
कोल्हापूर